चित्रकलेच्या तासाची दीडशे वर्षे

शाळेच्या स्मरणिकेत संस्थेचा इतिहास म्हटला की स्थापनेचे वर्ष, सुरुवातीचा पट, इमारतीचा पाया आणि मुख्याध्यापकांची परंपरा असा क्रम ठरून गेलेला असतो. हा लेख वेळापत्रकातल्या एका तासाविषयी आहे. आठवड्यातून एकदोनदा येणारा, परीक्षा जवळ आली की गणिताला देऊन टाकला जाणारा चित्रकला-हस्तकलेचा तास महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांनी जसाच्या तसा वारशात घेतला, आणि तो कुठून आला हे विचारण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही. हिंजवडीतल्या शाळेने तो प्रश्न विचारावा असे कारण आहे. इथल्या वर्गात आजोबांच्या काळापासून या मातीत राहिलेली मुले आहेत, तशीच राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधल्या नोकऱ्यांसाठी आणि इथल्या बांधकामांवर देशभरातून आलेल्या कुटुंबांतलीही आहेत. या सगळ्यांना आपला देश कसा दाखवायचा, याचे सर्वांत चांगले साधन हा तासच आहे, असे माझे म्हणणे आहे. मात्र त्याला एक अट आहे. जुनी वस्तू घडवणाऱ्या माणसापुढे जी अडचण होती, ती मुलापुढे उभी राहिली पाहिजे. तयार नमुना समोर ठेवून रंग भरून घेतले तर ती उभी राहत नाही, आणि या तासाच्या इतिहासात नेमके हेच पुन्हापुन्हा घडत आले आहे.

सुरुवात मुंबईत झाली. सर जमशेटजी जिजीभाई यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट उभे राहिले. हिंदी माणूस कारागिरीत तरबेज आहे, त्याला इंग्रजी पद्धतीचे शिस्तबद्ध रेखांकन शिकवले की उद्योगांना नक्षीकार मिळतील, असा त्यामागचा सरकारी हिशेब होता. १८६५ साली जॉन लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे दोघे शिक्षक म्हणून आले आणि त्या हिशेबाला वेगळे वळण लागले. ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम चालवले. त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे पुढे नावारूपाला आलेले चित्रकार होते. काम कष्टाचे होते. लेण्यांत उजेड अपुरा, भिंतींवर धुराचे थर, गिलाव्याचे पोपडे सुटलेले. रेषा कुठे संपते आणि डाग कुठे सुरू होतो हे ठरवल्याशिवाय कुंचला पुढे सरकत नसे. या प्रतिकृतींचे पुढे काय झाले ते कलेच्या इतिहासातले एक मोठे दुःख आहे. ग्रिफिथ्स यांच्या आधी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या, आणि जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी केलेल्यांपैकी पुष्कळ १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत जळाल्या. वस्तू म्हणून पाहिले तर एवढ्या वर्षांची मेहनत वाया गेली असे कोणी म्हणेल. शिक्षण म्हणून पाहिले तर तसे म्हणता येत नाही. रेखांकनाच्या वर्गात ज्या काळी विलायती छापील नमुने गिरवले जात, त्या काळी काही हिंदी तरुणांनी आपल्याच देशातल्या एका भिंतीसमोर उभे राहून ती कशी रंगवली असेल याचा रोज विचार केला होता. तेव्हाच्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या नक्षीकामात जे. जे.च्या विद्यार्थ्यांचा हात आहे, आणि तिथल्या दगडात इथलीच पाने, फुले, पशुपक्षी कोरलेले दिसतात, ते अशाच निरीक्षणाच्या सवयीतून.

जे. जे.मधून ही विद्या शाळांपर्यंत आली ती मुख्यतः परीक्षांच्या वाटेने. इंग्रजी अमदानीत सुरू झालेल्या रेखाकला परीक्षा, म्हणजे आपल्या सर्वांच्या तोंडी असलेल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, आज कला संचालनालय घेते. हे संचालनालय १९६५ साली स्थापन झाले. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे त्या परीक्षांचे विषय पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या ओळखीचे आहेत. त्यांचे उपकार मोठे आहेत. खेड्यातल्या मुलालाही चित्रकलेचे सरकारी प्रमाणपत्र मिळू शकते हे त्यांच्यामुळे घडले, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत कलाशिक्षकाची जागा टिकून राहिली तीही पुष्कळ अंशी त्यांच्यामुळे. पण परीक्षा म्हटली की नमुना आला. संकल्पचित्रात आंब्याची कोयरी, कमळ, मोर आणि वारली माणसे ठरावीक चौकटीत बसू लागली. कोयरी कोणत्या पैठणीवरून आली, मोर कोणत्या मंदिराच्या खांबावर आहे, हे न विचारताही उत्तम श्रेणी मिळू लागली. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली की दहावीला सात वाढीव गुण मिळतात, म्हणून आज या परीक्षेला गर्दी होते. गुण मिळू नयेत असे मी म्हणत नाही. गुणांमुळे पालक हा तास सोडून देत नाहीत, हेही खरे आहे. पण वारसा ओळखायला शिकवण्याचे काम त्या गुणांनी होत नाही.

या तासाला देशाच्या प्रश्नाशी जोडण्याचा पहिला धाडसी प्रयत्न आपल्या परिसरातच झाला, याचा हिंजवडीकरांना अभिमान वाटला पाहिजे. प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांचे समर्थ विद्यालय कोल्हापूर आणि मिरज करत तळेगाव दाभाड्याला आले. १९०६च्या कलकत्ता काँग्रेसने राष्ट्रीय शिक्षणाचा ठराव केला, त्या वातावरणातली ही शाळा. मातृभाषेतून शिक्षण, आणि पुस्तकी विद्येबरोबर हाताचे काम, असा तिचा आग्रह होता. त्याच तळेगावात अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभा केलेला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८च्या सुमारास सुरू झाला. विजापूरकरांच्या ‘विश्ववृत्त’ मासिकात छापलेल्या एका लेखावरून सरकारने खटला भरला, त्यांना तुरुंगवास झाला, आणि १९१० साली सरकारने विद्यालयच बंद पाडले. तो लेख लिहिणारे श्रीपाद दामोदर सातवळेकर स्वतः जे. जे.मध्ये शिकलेले चित्रकार होते, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. तुरुंगातून सुटल्यावर विजापूरकरांनी तळेगावातच नवीन समर्थ विद्यालय उभे केले. पुढे १९३७च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि हस्तव्यवसायाभोवती सगळे विषय गुंफण्याची नई तालीम मांडली गेली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव सुचवला. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या वेळी पारंपरिक हस्तकलांवर स्वतंत्र अभ्यासगट नेमला गेला. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकायला पाठवण्याची सूचना केली. म्हणजे विचार नवा नाही. शंभर वर्षांहून अधिक काळ तो कागदावर येतो आणि वर्गापर्यंत पोचताना बारीक होत जातो.

वर्गात तो नीट पोचला तर काय होते, याचे उदाहरण हिंजवडीपासून फार दूर नाही. मावळातली कार्ला आणि भाजे ही लेणी शाळेच्या सहलीला नेहमीचीच. कार्ल्याचा चैत्य सुमारे अडतीस मीटर लांब आहे, आणि त्याच्या दगडी छताला आजही लाकडी कमानी लावलेल्या दिसतात. दगडात कोरलेल्या छताला लाकडाच्या आधाराची काहीच गरज नाही, मग त्या का लावल्या? भाज्याच्या चैत्यात खांब सरळ उभे नाहीत, ते आत झुकलेले आहेत. डोंगर पोखरून केलेल्या खोलीत खांब तिरपे का कोरावेत? माहितीफलक वाचून मूल पुढे जाते, प्रश्न पडतच नाही. आता हाच विषय हस्तकलेच्या तासात घ्या. बांबूच्या लवचीक पट्ट्या वाकवून कमानी करायच्या आणि दोन रांगांत उभ्या केलेल्या काठ्यांवर बसवायच्या. पहिल्याच कमानीला लक्षात येते की पट्टी सरळ व्हायला बघते आणि काठ्यांना बाहेर ढकलते. काठी सरळ उभी असेल तर ती बाहेरच्या बाजूला कलते आणि सगळा मांडव पसरतो. काठ्या थोड्या आत झुकवून रोवल्या की कमान धरते. ज्या मुलाने हे केले त्याला भाज्याचे खांब सांगावे लागत नाहीत. लेणी कोरली जाण्याआधी अशी सभागृहे लाकडाची बांधली जात होती, दगडफोड्यांनी त्या लाकडी इमारतीचीच आठवण कातळात उतरवली, आणि कार्ल्यात तर खरे लाकूडही लावले, हे त्याला हातानेच कळलेले असते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुताराची अडचण त्याने स्वतः सोडवलेली असते. इतिहासाच्या पुस्तकात या गोष्टीला फार तर दोन ओळी मिळतात.

दिवाळीतला किल्ला हेही असेच आपले जुने घरगुती शिक्षण. विटा आणि दगड रचायचे, चिखलात बुडवलेले पोते वर टाकायचे, हळीव पेरायचे, पुण्याच्या कसब्यातल्या कुंभारवाड्यातून आणलेले मावळे मांडायचे. पुणे परिसरातली अनेक मुले हे करत मोठी झाली आहेत, आणि हिंजवडीतल्या सोसायट्यांच्या आवारातही आता किल्ले होऊ लागले आहेत. पण बहुतेक किल्ल्यांवर दरवाजा समोर असतो आणि पायऱ्या सरळ त्याच्यापर्यंत जातात. लोहगडावर तसे नाही. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे वळणावळणाच्या वाटेवर एकामागून एक येतात. २०२५च्या जुलैमध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या बारा किल्ल्यांत लोहगड आहे, आणि त्याच्या निवडीचे कारण नुसती भव्यता नाही. डोंगराचा आकार वापरून संरक्षण कसे करायचे याची समज तिथे दिसते. मुलांनी केलेल्या किल्ल्यावर बुरुजाच्या टोकाला दोरा बांधून तो वाटेवरच्या एकेका जागी ताणून पाहायला सांगावे. दोरा कुठे तटाला अडतो आणि कुठे मोकळा राहतो, यावरून कोणती जागा वरून माऱ्याच्या टप्प्यात येते हे पाच मिनिटांत उमगते. मग मुले आपणहून दरवाजा बुरुजाआड सरकवतात आणि वाट वळवतात. पाण्याची टाकी कुठे खोदायची हा प्रश्न त्याच ओघात येतो, कारण वेढा पडला की माणसे आधी तहानेने खचतात. चाकणचा संग्रामदुर्ग तर भुईकोट, त्याला डोंगराचा आधार नाही. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी तो शाइस्ताखानाविरुद्ध दोन महिने लढवला. लोहगड आणि संग्रामदुर्ग असे दोन किल्ले शेजारी शेजारी करून पाहिले तर खंदक कशासाठी असतो हे कोणी समजावून सांगायला नको. प्लास्टरचे तयार किल्ले बाजारात मिळू लागले आहेत. शाळेने ते घेऊ नयेत. त्यात मुलासाठी काहीच शिल्लक ठेवलेले नसते.

अशा हाताच्या शिक्षणावर जे आक्षेप घेतले जातात त्यांतला सर्वांत गंभीर आक्षेप जातीचा आहे. आपल्याकडच्या बहुतेक हस्तकला जातीला बांधलेल्या होत्या. मडकी कुंभाराने करायची, दोर मातंगाने वळायचा, जोडे चांभाराने शिवायचे, आणि या कामांचा मान व मोबदला ठरलेला, म्हणजे कमी. ‘पारंपरिक व्यवसाय शिकवा’ म्हणणे हे त्या पोरांना पुन्हा त्याच कामात कोंडणे आहे, ही भीती कल्पनेतली नव्हे. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींच्या सरकारने मुलांनी अर्धा दिवस शाळेत आणि अर्धा दिवस घरच्या व्यवसायात घालवावा अशी योजना आणली. ती वंशपरंपरेची शिक्षणपद्धत आहे म्हणून तिच्याविरुद्ध मोठे आंदोलन झाले आणि पुढच्याच वर्षी ती मागे घ्यावी लागली. महात्मा फुल्यांच्या आणि डॉ. आंबेडकरांच्या महाराष्ट्राने हा इशारा विसरता कामा नये. हस्तकलेचा तास त्या योजनेच्या नेमका उलट चालला पाहिजे. कुंभाराच्या मुलालाच चाकावर बसवू नये. वर्गातल्या प्रत्येकाने, मुलाने आणि मुलीने, चाकावर बसावे आणि माती मध्यावर आणणे किती कठीण आहे हे अनुभवावे. ज्या कारागिराला शिकवायला बोलावले त्याला पाहुण्या व्याख्यात्याइतकेच मानधन द्यावे आणि ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणावे. आणि वस्तू सुंदर आहे एवढे सांगून थांबू नये. ती कोणी केली, कोणासाठी केली, त्याला किती मिळाले, हेही त्याच तासात यावे. ज्या वारशाची ही बाजू झाकली जाते तो अर्धाच शिकवला जातो.

वारली चित्रांचे आपण जे केले आहे ते या अर्ध्या शिकवणीचे ठळक उदाहरण. पिशव्यांपासून पुलांच्या खांबांपर्यंत त्रिकोणी अंगाची माणसे नाचतात, शाळेच्या भिंतीही त्यांनी भरलेल्या असतात. मूळ चित्र डहाणू-जव्हारकडच्या वारली घरातले, लग्नाच्या वेळी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनींनी काढलेला चौक, मध्ये पालघाट देवी. जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या कलावंतांनी ते कागदावर आणले आणि जगभर नेले. मुलांनी आधी गेरू कालवून पाहावा, पीठ किती पातळ असले की रेष तुटत नाही हे शोधावे, चौकात काय काय असते ते समजून घ्यावे. त्यानंतर त्यांनी माणसे काढली तर त्या माणसांना अर्थ राहतो. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी याच प्रदेशात काम केले, तेव्हा शिक्षणाची साधने त्यांनी तिथल्या परिसरातूनच उचलली. बाहेरून आणलेले साहित्य आदिवासी मुलाला परके ठरते हे त्यांनी अनुभवावरून ठरवले होते.

दुसरा आक्षेप हिंजवडीत हमखास ऐकू येतो: इथली अर्धी मुले बाहेरची, त्यांना लोहगड आणि गावचा म्हातोबा कशाला? घटनेच्या कलम ५१-अ मध्ये आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे, आणि संमिश्र हा शब्द तिथे शोभेसाठी आलेला नाही. त्या घटनेची मूळ प्रत नंदलाल बोस आणि त्यांच्या शांतिनिकेतनातल्या विद्यार्थ्यांनी चितारली. निवडणुकांच्या भागात त्यांनी शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंग यांना एकत्र आणले. एका कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी देशाच्या सर्वांत महत्त्वाच्या ग्रंथात देशभराचा वारसा उतरवला, याहून चांगले उदाहरण शाळेला मिळणार नाही. ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ योजनेत महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लावली आहे. बहुतेक ठिकाणी ही जोडी एका दिवसाच्या नाचगाण्यात आणि पोशाखात संपते. कलावर्गात तिचे खरे काम होऊ शकते. रघुराजपूरचे चित्रकार चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड लावून कापड तयार करतात. स्नानपौर्णिमेनंतर जगन्नाथाच्या मूर्ती दर्शनाला नसतात, त्या दिवसांत पुरीच्या मंदिरात त्यांच्या जागी अशी चित्रे ठेवली जातात. आपल्याकडे सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी एकेक सुटे चित्र समोर धरून रामायण-महाभारताच्या कथा गाऊन सांगतात. एका ठिकाणी चित्र देवाच्या जागी बसते, दुसरीकडे ते गाण्याबरोबर पुढे सरकते, म्हणून पहिल्यात आकृती समोरून आणि स्थिर, दुसऱ्यात बहुधा एका बाजूने आणि हालचालीत. दोन्ही करून पाहणाऱ्या मुलाला हा फरक दिसेल. ओडिशाच्या मुलाच्या घरचे चित्र वर्गात पाहुणे म्हणून येणार नाही, अभ्यासाचा विषय म्हणून येईल. तेवढ्याच हक्काने त्या मुलाने चैत्र पौर्णिमेला हिंजवडीहून वाकडला जाणारे म्हातोबाचे लाकडी बगाड पाहावे, ते लाकूड कोण तासतो, जोड कसे बसतात, एवढे वजन कसे तोलले जाते हे विचारावे आणि लहान नमुना करून पाहावा. ज्या गावात आपण राहतो त्या गावाची वस्तू हाताळली की परकेपण कमी होते, हे वर्गात वेगळे शिकवावे लागत नाही.

राहिला वेळेचा आणि संगणकाचा आक्षेप. आयटी पार्कच्या सावलीतल्या पालकांना वाटते की हे सगळे पडद्यावर अधिक चांगले दिसते, किल्ला तर चारी बाजूंनी फिरवून पाहता येतो. पाहता येतो हे खरे. पण पडद्यावरची कमान कोसळत नाही, आणि कोसळल्याशिवाय खांब आत झुकवायची बुद्धी होत नाही. पडद्याचा उपयोग हाताच्या कामानंतर करावा: आपण केलेला किल्ला आणि लोहगडाचा नकाशा शेजारी ठेवून चूक शोधायला. वेळेचे म्हणाल, तर वर्षात दोनच वस्तू पूर्ण कराव्यात. वीस नमुने रंगवून घेण्यापेक्षा एक कमान आणि एक किल्ला यांत मुले जास्त शिकतील. इतिहास, भूगोल आणि भूमिती यांचे तासही त्यात मोजता येतील, ज्याला नई तालीमच्या परिभाषेत समवाय म्हणतात.

म्हणून या शाळेच्या पुढच्या स्मरणिकेत कलावर्गाच्या पानावर बक्षिसांची यादी असली तरी चालेल, पण तिच्याबरोबर एक नोंदवहीही असावी: कोणत्या वर्गाने कोणती वस्तू केली, कोणत्या जागी ती आधी मोडली, शिकवायला कोण कारागीर आले आणि त्यांना काय मानधन दिले, मुलांनी कोणते प्रश्न विचारले आणि त्यांतले कोणते अनुत्तरित राहिले. ग्रिफिथ्स यांच्या विद्यार्थ्यांच्या कामातली पुष्कळ चित्रे जळाल्यावर आपल्यापाशी ग्रिफिथ्स यांचा १८९६-९७ साली छापलेला ग्रंथ आणि वाचलेली कापडे उरली; ती पोरे लेण्यांत उभी राहून आपसात काय बोलत होती, कशावर अडत होती, ते फारसे कोणी लिहून ठेवले नाही. आपल्या वर्गातले लिहून ठेवायला एक वही आणि दर तासाला पाच मिनिटे पुरतील.